निमगडे बाईंची घंटी

पहिल्या दिवशी आम्ही सोळा जण चपला दाराबाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत शिरलो, तर समोरच्या टेबलावर सायकलची घंटी. सागाच्या जाड फळीवर स्क्रूने पक्की बसवलेली. शिपायाला बोलवायला असेल, असं मला वाटलं. निमगडे बाईंनी हजेरी घेतली, फळ्यावर इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या आणि तिसरी ओळ संपताच मागे न बघता हात लांबवून घंटी वाजवली. ट्रिंग! शेवटच्या रांगेतला विलास दचकून उभाच राहिला.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "तुले नाई बोलावलं. डॉसले बोलावलं."

डॉस कोण, हे सोळांपैकी एकालाही माहीत नव्हतं. विलासने तर दाराकडे पाहिलं. कॉलेजात नवीन चपराशी लागला असेल, असं त्याला वाटलं.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला कॉम्प्युटर हा विषय नुकताच निघाला होता. आठ मशीन, सोळा विद्यार्थी, एक बाई. मी सिंदेवाहीकडच्या खेड्यातली. वडील गावच्या तलावात मासे धरत. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, आणि कॉम्प्युटर मी पहिल्यांदा पाहिला तो त्याच खोलीत, प्लास्टिकच्या झाकणाखाली. पहिला आठवडाभर मी कीबोर्डचं बटण, तवा तापला का बघावं तसं, बोट लावून लगेच मागे घेत होते.

निमगडे बाई आलापल्लीच्या. त्यांचे वडील वनखात्यात नाकेदार होते. लाकडाचा ट्रक आला की परवाना तपासायचा, सगळं जुळलं तर नाक्याचा आडवा बांबू वर करायचा, हे त्यांचं काम. बाईंचं बालपण त्या नाक्याच्या ओट्यावर गेलं. पुढे त्या नागपूरला शिकल्या, कॉम्प्युटरपर्यंत पोचल्या, पण नाका त्यांच्या बोलण्यातून कधी गेला नाही. सुती साडी, चापून तेल लावलेले केस, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. आणि आवाज असा, की त्या शिकवायला लागल्या की खालच्या ऑफिसातले बाबू म्हणत, "चला, वर लिलाव सुरू झाला."

"पाहा पोट्टेहो," त्या पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "तुमचा प्रोग्राम म्हणजे ट्रक. अन् हा पडदा, हा कीबोर्ड, हे फ्लॉपी, हे सारं जंगल. सरकारी जंगल. त्यातलं एक पान तोडाचा हक्क तुमाले नाई. पडद्यावर एक अक्षर लिहाचं असलं तरी नाक्यावर जा लागते. नाक्यावर डॉस बसला हाये, सारं मशीन चालवते थो मोठा प्रोग्राम. त्याले गप्पा आवडत नाई, थो फक्त खाने पाह्यते. एका खान्यात कामाचा नंबर टाका. नऊ नंबर म्हणजे मजकूर दाखव. दुसऱ्या खान्यात, माल कुठी ठेवला थे लिहा. मंग घंटी मारा."

ट्रिंग.

"अन् बाई, नाक्यावर न जाता सोताच पडद्यावर लिहिलं तं?" विलासने विचारलं.

"त्याले चोरटी तोड म्हणते," बाई म्हणाल्या. "जमते तशीई. पण माह्या लॅबमध्ये नाई."

वर्ग हसला. मीही हसले, आणि हसता हसता मला कळलं की मला कळलं आहे. असेंब्ली भाषेतली 'इंट एकवीस' ही ओळ म्हणजे ती घंटी. पुस्तकात ते पान मी चार वेळा वाचलं होतं, चारही वेळा काही शिरलं नव्हतं. सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांनी जाळं विणता विणता विचारलं, "थो डब्बा तुह्यं आयकते का?" मी म्हटलं, "नाई बाबा, डब्बा डॉसचं आयकते, अन् डॉस माह्यं आयकते." बाबांनी जाळं खाली ठेवलं आणि आईला हाक मारून हे पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मॅक्रोचं शिक्षणही नाक्यावरूनच आलं. बांबू मागायला गावोगावचे लोक बाईंच्या वडिलांकडे यायचे. बहुतेकांना लिहिता येत नसे, म्हणून अर्ज नाकेदारानेच लिहायचा. दिवसाला वीस अर्ज, विसांतला मजकूर तोच, फक्त नाव अन् गाव वेगळं. शेवटी त्यांनी सायक्लोस्टाइल करून अर्जाचे गठ्ठेच आणले. नावाची जागा कोरी, गावाची जागा कोरी.

"थो होता माह्या बाबाचा मॅक्रो," बाई म्हणाल्या. "घंटीच्या तीन ओळी दर वेळी लिहून हात काऊन दुखवाचे? एकदा अर्ज छापून ठेवा, त्याले नाव द्या 'दाखव'. मंग प्रोग्रामात फक्त लिहा, दाखव अमुक. तुमचं लिहिलेलं मशीनच्या भाषेत नेते थो असेंबलर त्या एका शब्दाच्या जागी तिन्ही ओळी नेऊन बसवते. दहादा लिहिलं तं दहादा बसवते, कंटाळत नाई."

"म्हणजे दर वेळी नवा कागद?" मी विचारलं.

"शाब्बास, शेंडे. दर वेळी नवा कागद. एकच कागद साऱ्यांनी वापराचा असन तं त्याले प्रोसिजर म्हणते, अन् थे पुढच्या महिन्यात."

बाईंनी असे सगळे मॅक्रो एका फाईलमध्ये लिहून ठेवले होते. फाईलचं नाव 'नाका'. ती एका फ्लॉपीवर असायची आणि फ्लॉपी बाईंच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळून. आपल्या प्रोग्रामात, माहितीचा भाग संपतो तिथे, एका ओळीत ती फाईल जोडली की झालं. सगळे अर्ज तयार.

पण बाईंचा एक नियम होता, आणि त्या नियमाला आम्ही सगळे घाबरायचो. पडद्यावर मजकूर दाखवायला सांगताना त्याच्या शेवटी डॉलरची खूण टाकावी लागते. डॉस ती खूण दिसेपर्यंत दाखवत सुटतो. खूण विसरलात तर मजकूर संपल्यावर पुढे मेमरीत जे काही पडलं असेल तेही अक्षरं समजून ओततो. म्हणून जो डॉलर विसरेल त्याने टेबलाशी उभं राहून घंटी वाजवायची, आणि कोणीतरी मोठ्याने "डॉलर" म्हणेपर्यंत थांबायचं नाही. विलासला आम्ही एकदा पाऊण तास वाजवत ठेवला. खालून बाबू वर आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, कोणाचं तरी लग्न लावून टाका एकदाचं."

माझी फजिती निराळी होती. माझं नाव पडद्यावर दहा वेळा यायला हवं होतं. ते यायला लागलं ते थांबेचना. दोन दिवस मी त्या प्रोग्रामपुढे बसून होते. मोजणी मी ज्या खान्यात ठेवली होती, त्याच खान्यात 'दाखव' आपला कामाचा नंबर टाकत होता. बाईंनी एकदा पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "नाकेदाराच्या टेबलावर आपली पिशवी ठेवून अर्ज भरतेस, अन् मंग म्हणतेस पिशवी गेली! आधी सामान बाजूले ठेवाचं. पुश. काम झालं का घ्याचं. पॉप." मग म्हणाल्या, "चला. चपला घाला साऱ्यांनी."

सोळा जणांना घेऊन त्या थेट एसटी स्टँडवर गेल्या. आलापल्लीची गाडी लागली होती आणि टपावर सामान चढत होतं. आधी तांदळाची पोती, मग टिनाची पेटी, मग एक सायकल, सगळ्यात वर एक पाळणा. बाई शिडीखाली उभ्या राहून ओरडल्या, "पोट्टेहो, पहिलं काय उतरन?"

"पाळणा!"

"अन् शेवटी?"

"पोती!"

"अन् कोणाले पोती पहिले पाह्यजे असन तं?"

"नाई भेटत!"

टपावरचा माणूस हातातली दोरी तशीच धरून आमच्याकडे बघत राहिला. कंडक्टर खाली आला. "बाई, तिकीट पाह्यजे का परीक्षा चालू हाये?" बाई म्हणाल्या, "परीक्षा. तुमी पास." पुश आणि पॉपची गोष्ट मला त्यानंतर कोणालाही विचारावी लागली नाही.

या सगळ्या मजेच्या खाली एक काळजी होती आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. कॉलेजला हा विषय दुसऱ्या वर्षापर्यंतच शिकवायची परवानगी होती. तिसऱ्या वर्षाची मान्यता मिळाली तर आमची पदवी इथेच होणार. नाही मिळाली तर शेवटच्या वर्षाला नागपूर गाठायचं. विलासची नागपूरला मावशी होती. माझं तिथे कोणी नव्हतं, आणि मला होस्टेलला ठेवणं बाबांच्या आवाक्यातलं नव्हतं. माझ्यासाठी मान्यता म्हणजेच पदवी. दुसरी वाट नव्हती.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मान्यतेसाठी विद्यापीठाची समिती यायची ठरली. बाईंना दोन दिवस आधीपासून उधाण आलं होतं. आठ जोड्यांचे आठ वेगळे प्रोग्राम तयार होते. कोणाचा शब्द उलटा करणारा, कोणाचा आकडे लहानमोठे लावणारा. समिती येणार त्या सकाळी बाईंना सुचलं की प्रत्येक प्रोग्रामने आधी पाहुण्यांचं स्वागत करावं. त्यांनी 'नाका' फाईलमध्ये 'स्वागत' नावाचा नवा मॅक्रो लिहिला, फाईलच्या अगदी शेवटी रोमन अक्षरांत 'सुस्वागतम्' टाकलं, आणि फ्लॉपी घेऊन आठही मशीनवर स्वतः चढवलं. आम्ही आठही प्रोग्राम नव्याने तयार केले, आणि चालवून बघणार तेवढ्यात वीज गेली. अख्ख्या महाराष्ट्राला वीज देणारं आमचं गाव. पण आमच्या लॅबची वीज मात्र दर सोमवारी जायची. ती परत आली तेव्हा समितीचे लोक दारात चपला-बूट काढत होते.

तिघे जण होते. अध्यक्ष म्हणजे जाड चष्म्याचे, सफारीतले एक वयस्क प्राध्यापक. पायमोजे काढावेत की ठेवावेत या विचारात ते दारात जरा अडकले होते. प्राचार्य घाम पुसत म्हणाले, "बाई, सगळे एकदमच सुरू करा. छान दिसेल."

बाईंनी घंटी मारली. आठ जणांनी आठ बटणं दाबली.

आठही पडद्यांवर सुस्वागतम् आलं. आणि मग जे आलं ते थांबेना. हसरी तोंडं, बदाम, चौकट, किलवर, इस्पिक, ग्रीक अक्षरं, तुटक्या चौकटी, सगळं वरून खाली धो-धो वाहायला लागलं. मधूनच एखादं मशीन 'टींऽऽ' करून ओरडायचं, की त्याला उत्तर दिल्यासारखं शेजारचं ओरडायचं. प्राचार्यांनी डोळे मिटले. मला समोर नागपूर दिसायला लागलं, आणि नागपूरला न जाणारी मी.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या रडत आहेत असं मला वाटलं. मग पदर खाली आला. बाई हसू दाबत होत्या, आणि ते काही दबत नव्हतं.

"सर, डॉलर राह्यला," त्या म्हणाल्या.

"कोणाचा?"

"माह्या. माझा. स्वागत मीच लिहिलं." असं म्हणून त्या टेबलाशी गेल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि घंटी वाजवायला लागल्या. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग.

"बाई! काय करता हे?" प्राचार्य जवळजवळ किंचाळले.

"नियम हाये सर. जो डॉलर विसरते त्यानं वाजवाचं." आणि वाजवता वाजवताच त्या माझ्याकडे वळल्या. "शेंडे, सायबाले सांग, पडद्यावर काय दिसून राह्यलं."

मी उठले. घंटी चालूच होती, त्यामुळे मला ओरडूनच बोलावं लागलं, आणि ओरडल्यामुळेच भीती गेली असावी. "सर, हा कचरा नाही! स्वागताची ओळ माहितीच्या भागात सगळ्यात शेवटी आहे. तिच्यापुढे आमचा प्रोग्राम सुरू होतो. डॉसला थांबायची खूण दिसली नाही, म्हणून तो आमचाच प्रोग्राम अक्षरं समजून दाखवतो आहे! हे बदाम, हे किलवर, या आमच्याच ओळी आहेत!"

अध्यक्ष विलासच्या पडद्यापाशी वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "आणि हे नीट करायला? आठ प्रोग्राम वेगळे आहेत ना?"

"एकच अक्षर, सर! एकाच ठिकाणी!"

मी पहिल्या मशीनवर बसले, फ्लॉपीवरची फाईल उघडली, ओळीच्या शेवटी डॉलर टाकला आणि फ्लॉपी बाहेर काढली. तिथून ती विलासकडे, विलासकडून पुढे. विहिरीवर भरलेली घागर हातोहात जावी तशी ती खोलीभर फिरली. ज्याच्या हाती येईल तो फाईल उतरवून घ्यायचा, प्रोग्राम पुन्हा तयार करायचा आणि फ्लॉपी पुढे द्यायचा. बाईंचा उजवा हात दुखला तेव्हा त्यांनी डावा लावला. एकेक पडदा सुस्वागतम् म्हणून गप्प होत गेला आणि आपल्या कामाला लागला. आठवा पडदा शांत झाला तेव्हा खोलीत फक्त घंटी उरली होती.

"आता थांबा ना, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"नाई सर!" सोळा जण एकदम ओरडलो. "डॉलर म्हणा लागते!"

अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं, प्राचार्यांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि परीक्षेत तोंडी उत्तर द्यावं तसं गंभीरपणे म्हणाले, "डॉलर."

घंटी थांबली.

"एका जागी चूक झाली तं आठ जागी बोंब झाली," बाई धापा टाकत म्हणाल्या. "एका जागी दुरुस्त केली तं आठ जागी शांत झालं. मॅक्रो म्हणजे एवढंच, सर. दाखवाचं हेच होतं. फक्त असं नव्हतं दाखवाचं." अध्यक्ष हसले. मोजे न घालताच बूट घालून गेले आणि मोजे आमच्या दारात राहिले.

महिनाभरात मान्यतेचं पत्र आलं. आम्ही लॅबमध्ये नाचलो, विलास घंटी घेऊन खालच्या ऑफिसात वाजवून आला. पत्रात आणखी एक ओळ होती, ती आम्ही नंतर वाचली. तिसऱ्या वर्षासाठी याच विषयात एम.एस्सी. झालेला कायम शिक्षक नेमावा. आमच्या बाई बी.एस्सी. होत्या, वर एक वर्षाचा डिप्लोमा, आणि तासांवर नेमलेल्या. तिसरं वर्ष सुरू व्हायचं तर त्यांना जावं लागणार होतं.

मी धावत त्यांच्याकडे गेले. "बाई, तुमाले माहीत होतं का हे?"

"मान्यतेचा अर्ज मीच तं भरला, पोरी," त्या मशीनवरची धूळ पुसत म्हणाल्या. "सारे खाने वाचूनच भरले." मग माझं तोंड पाहून फडकं माझ्या डोक्यावर आपटलं. "रडून काऊन राह्यली? तुह्यं काम झालं ना? नाक्यावर काय पाह्यते, काम झालं का नाई, एवढंच."

त्यांना भामरागडच्या आश्रमशाळेत गणिताची नोकरी मिळाली. पावसाळ्यात महिना महिना रस्ता बंद असतो असं गाव. कॉम्प्युटर नव्हताच तिथे. त्या जाण्याच्या दिवशी आम्ही सोळाही जण स्टँडवर होतो. विलासने टपावर चढून सामान लावलं. आधी पुस्तकांची पेटी, मग गादी, मग स्टोव्ह.

"पहिलं काय उतरन?" बाई खिडकीतून ओरडल्या.

"स्टोव्ह!"

"बरोबर. पोचल्या पोचल्या चहा पाह्यजे मले!"

कंडक्टरने दोरी दोनदा ओढली, पुढे ड्रायव्हरच्या कानाशी टिंग टिंग झालं आणि गाडी हलली. "पाह्यलं का?" बाईंनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढून बोट दाखवलं. "गाडी आपल्याले नाई चालवता येत. घंटी मारा लागते!" आणि मांडीवरची सागाची फळी उचलून त्यांनी खिडकीत धरली आणि स्वतःची घंटी वाजवायला लागल्या. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग. स्टँडवरचे लोक बघायला लागले. गाडी फाटकातून वळली, तरी ट्रिंग. मूल गावाच्या रस्त्याला लागली, तरी ट्रिंग. आम्ही हसत होतो, धावत होतो, हात हलवत होतो.

पुढच्या वर्षी मी पदवीधर झाले. आज पुण्यात कॉम्प्युटरवरच माझं पोट चालतं, आणि पिशवी नाकेदाराच्या टेबलावर ठेवायची नसते हे मी नव्या मुलामुलींना बाईंच्याच शब्दांत सांगते. पण त्या दिवशी फाटकाशी उभं राहून आम्ही जे केलं ते ठरवून केलेलं नव्हतं. नियम सगळ्यांना माहीत होता. कोणीतरी तो एक शब्द मोठ्याने म्हटला असता तर बाई थांबल्या असत्या. घंटीचा आवाज बारीक होत पार नाहीसा होईपर्यंत आम्ही सोळा जण उभे होतो. डॉलर कोणीच म्हटलं नाही.